खुरासणीचं शेवटचं पाकीट

बीज कधीच मरत नाही, निमा.

हे वाक्य माझं नाही. तुझ्या शोकसभेतल्या मुख्य पाहुण्यांचं आहे. त्यांनी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून, आणि सभागृहात पंख्यांखाली बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन. पहिल्या रांगेत मांडीवर शाल आणि नारळ घेऊन बसवलेल्या बाईला मान डोलावण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही.

तू असतीस तर मध्येच उठून बोलली असतीस. खुरासणीचं बी मरतं. तेलबी आहे, आपल्या डहाणूच्या दमट हवेत साध्या कपाटात ठेवलं तर दोन-तीन वर्षांत त्याची उगवण ढासळते. मग ते चटणीपुरतं उरतं, आणि पुढे खवट झालं की चटणीपुरतंही नाही. हे तूच मला ओट्याशी उभी राहून सांगितलं होतंस, मी कारळ्याची चटणी कुटत असताना. देशावरचे लोक ज्याला कारळे म्हणतात तीच आपली खुरासणी. मी म्हटलं, "एवढं सांगायला पीएच.डी. लागते होय?" तू खलबत्त्यात डोकावून म्हणालीस, "वहिनी, तू आत्ता गंजाडचं आणि सायवनचं बी एकत्र कुटलंस."

मला राग आलाय. शोकसभेत राग चालत नाही, म्हणून इथे लिहितेय. तुझा जन्म, शिक्षण, पदं यांबद्दल मी लिहिणार नाही. ते सगळं सूत्रसंचालकाने वाचून दाखवलं. त्यातलं बरंचसं दुसऱ्याच कोणाचं होतं. त्याने तुला भाताची तज्ज्ञ म्हटलं.

तेरा साली तू बदली मागून इथल्या कृषी संशोधन केंद्रात आलीस आणि आमच्या मागच्या खोलीत राहायला लागलीस. त्या कार्तिकात तू मला गंजाडला नेलंस. मी कॉलेजच्या लायब्ररीत होते, दिवाळीची सुट्टी होती, आणि तू म्हणालीस की फिरायला जाऊ. फिरायला म्हणजे डोंगरउतारावरची पिवळी फुलं मोजायला, हे तू गाडी सुटल्यावर सांगितलंस. भात खाचरात, नागली त्याच्या वर, आणि जिथे काहीच येणार नाही अशा मुरमाड उतारावर खुरासणी. तू तिथे गुडघ्यांवर बसून एकेका रोपावरची बोंडं मोजत होतीस. बांधावर एक म्हातारा उभा होता.

"बाय, याचे काय फोटो काढतां? भाताचे काढा."

"भाताचे सगळेच काढतात," तू म्हणालीस.

"मग माझा काढा. माझा कोणीच काढत नाय."

तू त्याचा काढलास. तो फोटो पुढे वर्षभर आपल्या फ्रिजवर होता आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, हे तुमचे कोण.

परत येताना चारोटीला भजी खायला थांबलो, तर तू टेबलावर खाकी पाकिटं मांडून बसलीस. प्रत्येकावर पाड्याचं नाव, घराचं नाव. आत सगळ्यांत तेच, काळं, चकचकीत, सुईसारखं बारीक बी. हॉटेलातल्या पोराने विचारलं, "मॅडम, चहापत्ती घरची आणली काय?" मी हसले. तू हसली नाहीस. तू एक पाकीट माझ्यासमोर धरून म्हणालीस, "दिसायला सगळी सारखी. पेरल्यावर बघ. एकाला फांद्या जास्त, एकाची बोंडं मोठी, एक पंधरवडा उशिरा फुलतं आणि पाऊस लवकर गेला तरी तग धरतं. हे सगळं इथे दोन तालुक्यांत आहे आणि कोणी ते वेगळं मांडून बघितलेलं नाही."

मी विचारलं, वेगळं मांडून काय होईल. तू म्हणालीस, "काय टिकवायचं ते कळेल." तेव्हा मला ते पटलं नव्हतं. पटलं कधी ते सांगते पुढे.

झरीच्या जानकीकडे आपण त्याच्या पुढच्या महिन्यात गेलो. तिने छपराला टांगलेला वाळका भोपळा काढला, त्याची बुची काढून राखेत कालवलेलं बी ओंजळीत घेतलं आणि ओंजळ पुढे न करता तशीच धरून ठेवली.

"नेतेस तर ने. पण सवाईने परत द्यायचं."

"देईन," तू म्हणालीस.

"देईन तर सगळेच बोलतात. ही कोण तुजी?"

"माझी वहिनी."

"मग ही साक्षीला. ही विसरणारी दिसत नाय."

चार मुठी नेलं तर पुढच्या हंगामात पाच मुठी. घराघरांत हाच रिवाज. केंद्रातून बियाणं बाहेर द्यायला मनाई होती, पण बी आलेल्या प्रत्येक वर्षी तू प्रत्येक पाड्यावर सवाई पोचवलीस, डब्याच्या पिशवीत लपवून. मी म्हणायचे, सरकारी माल चोरतेस. तू म्हणायचीस, सवाईला चोरी म्हणत नाहीत. तुझ्या आयुष्यातला हा एकच नियमभंग, आणि तोही परतफेडीचा.

आणि त्या मच्छरदाण्या. पहिल्या वर्षी तू एकेका रोपाला पातळ कापडाची पिशवी बांधलीस, म्हणजे पाड्यांची बियाणी एकमेकांत मिसळणार नाहीत. हंगामाच्या शेवटी पिशव्या सोडल्या तर आत पोचट बोंडं. खुरासणी स्वतःच्याच परागाने बी धरत नाही, तिला शेजारचं दुसरं रोप लागतं आणि मध्ये मधमाशी लागते. हे तुला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. तरी तू बांधल्यास, कारण "आपल्याकडच्या एखाद्या जातीत वेगळं निघालं तर?" मग दुसऱ्या वर्षी तू एकेका पाड्याची रोपं एकत्र लावून त्यांच्यावर आपल्या घरातल्या सगळ्या मच्छरदाण्या नेऊन टाकल्यास, आणि काचेच्या बरणीत मधमाश्या पकडून आत सोडल्यास. तुझा दादा महिनाभर रात्री टाळ्या वाजवत होता. एका सकाळी तो एवढंच म्हणाला, "निमाच्या फुलांना डास चावत नसतील, नाही?"

तुझी आणि माझी खरी भांडणं मात्र त्या एका शब्दावरून व्हायची. तुझ्या शास्त्रात ज्याला हेरिटॅबिलिटी म्हणतात, मी त्याला साधं आनुवंशिकता म्हणायचे, आणि तू दर वेळी मला थांबवायचीस. घरात सगळे म्हणतात की तुझा राग तुझ्या वडिलांचा, आबांचा आहे, मीही एकदा म्हणाले. तू हातातली पोळी खाली ठेवलीस.

"वहिनी, एका माणसाबद्दल असं बोलताच येत नाही. शेतात काही रोपं उंच असतात, काही बुटकी. त्या फरकातला किती वाटा बियाण्याचा आणि किती जमिनीचा, पावसाचा, एवढंच ते सांगतं. शेताबद्दल. रोपाबद्दल नाही."

"मग तुझ्या रागात आबांचा वाटा किती?"

"नाही सांगता येणार. त्यासाठी माझ्यासारख्या दहा हव्यात, वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या."

"एक पुरे," मी म्हटलं.

तू हसलीस, पण विषय सोडला नाहीस. तू म्हणालीस की बोंडांची संख्या, फुलोऱ्याचा काळ हे बियाण्यावर बऱ्यापैकी अवलंबून असतं, निवडून पेरलं तर पुढच्या पिढीत दिसतं. पण उत्पन्न मात्र लबाड. यंदा भरपूर, पुढच्या वर्षी त्याच जातीचं काहीच नाही. "उत्पन्न हा गुण नाही, वहिनी. ती बेरीज आहे. आणि बेरीज करणारा पाऊस असतो." म्हणून एका हंगामावर विसंबायचं नाही, दोनांवरही नाही. म्हणून एक हंगाम अजून.

इथेच मला तुझा राग येतो. चौदा, पंधरा, सोळा, तीन वर्षं तू पेरलंस. सोळाच्या शेवटी मी तुला म्हटलं होतं, पाकिटांचे दोन भाग कर, एक भाग त्या मोठ्या शीतगृहाला पाठव जिथे बी वर्षानुवर्षं टिकतं. तू म्हणालीस, "अर्धवट माहितीनिशी पाठवायचं? एक हंगाम अजून होऊ दे." सतरा साली केंद्राने तुझी शेताची पट्टी काढून घेतली आणि तिथे पाहुण्यांसाठी गोल हिरवळ केली, मध्ये कारंजं. कारंज्याचं उद्घाटन झालं तेव्हा पाणी आलं नाही, हे तू मला इतक्या आनंदाने सांगितलंस की मला वाटलं आता तू बी पाठवशीलच. नाही पाठवलंस. दुसरी पट्टी मिळेल म्हणालीस. अठरा साली पट्टी मिळाली तर तुझी पाठ दुखत होती. मी म्हटलं, मी पेरते. तू म्हणालीस, "तू मोजशील का?" मोजलं नाही तर पेरून काय उपयोग, असा तुझा प्रश्न होता. आज मला त्याचं उत्तर येतं. उपयोग हा, की ते जिवंत राहतं.

आणि ती पाठ. पाठ नव्हतीच ती. एकोणीस साली, ज्येष्ठात, डॉक्टरांकडे मी तुझ्या शेजारी बसले होते. त्यांनी सरळ विचारलं, घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का.

"वडिलांना होता," तू म्हणालीस. "पण एका घरात सगळंच सारखं असतं, डॉक्टर. तूप सारखं, कटकटी सारख्या. त्यातून वारशाचा वाटा बाजूला काढता येत नाही."

ते बिचारे चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, मी पीक बघत नाहीये. तुम्हाला बघतोय. तपासणी करून घ्या."

"पावसाळा होऊन जाऊ दे."

तिथेही एक हंगाम अजून. एवढी हुशार बाई, निमा, आणि आपल्याच छातीतल्या दुखण्याला तू तुलनेसाठी दुसरं शेत मागितलंस. आषाढात गेलीस. लोक मला म्हणतात, चालतीबोलती गेली, सुटली. मी त्यांना चहा देते.

तेराव्याच्या आधीच मी केंद्रात फोन केला. साहेबांना म्हटलं, निमाची पाकिटं तिच्या कपाटात आहेत, तिसरं वर्ष सरत आलंय, याच पावसात पेरली नाहीत तर बी जाईल, मला द्या, मी पाड्यापाड्यावर पेरून घेते. साहेबांचा आवाज भरून आला. "वहिनी, काळजी करू नका. त्यांच्या बियाण्याचा आम्ही उचित सन्मान करणार आहोत."

मला वाटलं, पेरणार असतील.

सभागृहात स्टेजवर तांब्याचा मोठा कलश होता, झेंडूच्या माळेसह. शेजारी ताटात तुझी पाकिटं, प्रत्येकाला लाल रिबन. कार्यक्रमाचं नाव बीजांजली. एकेक मान्यवर स्टेजवर जाणार, रिबन सोडणार, पाकीट कलशात रिकामं करणार, आणि पळीने सूर्या नदीचं पाणी वर शिंपडणार. सूत्रसंचालक पाकिटावरचं नाव वाचत होता. "गंजाडचं बीज." टाळ्या. "सायवनचं बीज." टाळ्या.

मला कळायला वेळ लागला. आधी वाटलं, थोडं थोडं ओततील. मग वाटलं, यांच्याकडे दुसरा भाग ठेवलेला असेल. मग मी शेजारच्या साहेबांच्या बाहीला हात लावला.

"अहो, हे एकत्र करू नका. तिने पाच वर्षं हे वेगळं ठेवलंय."

ते माझ्याकडे झुकले, हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, विविधतेत एकता."

मी आयुष्यभर पुस्तकं लावली. समज, कोणी लायब्ररीतल्या सगळ्या पुस्तकांची पानं सोडवून एका पोत्यात भरली आणि म्हणालं, एकही शब्द वाया गेलेला नाही. तशी ती गोष्ट होती. गंजाड, सायवन, उशिरा फुलणारं, फांद्या जास्त असणारं, सगळं त्या कलशात होतं आणि आता कोणतं कुठलं ते कोणालाच, तुलाही, सांगता आलं नसतं. त्यावर नदीचं पाणी. काय टिकवायचं ते वेगळं मांडल्याशिवाय कळत नाही हे मला त्या खुर्चीत पटलं. चारोटीच्या भज्यांनंतर साडेपाच वर्षांनी. तू समोरच्या फोटोत हार घालून बघत होतीस आणि तो फोटोही कुठल्या तरी ओळखपत्रावरून मोठा केलेला होता, ज्यात तू चिडलेली दिसतेस. निदान तेवढं योग्य होतं.

शेवटचं पाकीट कुटुंबाच्या वतीने. मी वर गेले. पाकीट हातात आलं. तुझं अक्षर. झरी, आणि खाली जानकी.

"वहिनी, ओता," सूत्रसंचालक माइकपासून तोंड वळवून म्हणाला.

"नाही ओतत."

"अहो, सगळ्यांनी ओतलं."

"ते दिसलं मला."

तो साहेबांकडे बघायला लागला. साहेब पाहुण्यांकडे. फोटोग्राफरने मार्ग काढला. तेवढाच एक माणूस तिथे कामाचा होता. "काकू, ओतू नका, नुसता हात धरा कलशावर. इकडे बघा. झालं." मी हात धरला. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला, नणंदेला बीजांजली अर्पण करताना भावुक झालेल्या वहिनी. पाकीट तेव्हा माझ्या पर्समध्ये चष्म्याच्या घरात होतं.

घरी आल्यावर तुझ्या दादाला सांगितलं. त्याने पाकिटावरचं तुझं अक्षर वाचलं. मग म्हणाला, "पुन्हा वेगळं नाही करता येणार?"

"सगळं काळंच आहे."

"निमाला आलं असतं."

"निमालाही नसतं आलं."

"तरी तिने बसून केलं असतं," तो म्हणाला आणि बाहेर चिकूच्या झाडांकडे निघून गेला. तो रडत नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी त्याने जून चिकू सोडून कच्चे तोडून आणले.

मला मात्र तेव्हा एक आधार होता. कलशात गेलं तर गेलं, पाड्यांवर तर आहे. तू दर वर्षी सवाई दिली होतीस ना. आपलं त्यावरचं भांडण अर्धं राहिलंय. तू म्हणायचीस, ते परत गेलं की मधमाश्या त्याचं काय करतील ते सांगता येत नाही, त्याला जतन म्हणत नाहीत. मी विचारलं होतं, मग तू पहिल्यांदा जानकीच्या ओंजळीतून उचललंस तेव्हा झरीतल्या मधमाश्या काय सुट्टीवर होत्या? त्यावर दोन दिवसांनी भाजी निवडताना तू अचानक म्हणालीस, "मुद्दा आहे. बघावं लागेल." पुढचं वाक्य काय ते मला पाठ आहे, लिहीत नाही.

श्रावणात मी झरीला गेले. जाण्याआधी पाकिटातलं चिमूटभर बी ओल्या फडक्यावर पसरून ताटात झाकून ठेवलं होतं, तू करायचीस तसं. निम्म्याहून कमी फुटलं. जे फुटलं तेही रेंगाळत. जानकी ओट्यावर बसली होती. तुझं कळलं होतं तिला, कोणीतरी पेपर दाखवला होता.

"तुजा फोटू बगला. बारीक झालीस."

मी तिला कलशाचं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी मी म्हटलं, "जाऊ दे. तुमच्याकडे आहे ना निमाने परत दिलेलं, तेवढं पुष्कळ."

"आमच्याकडं कुठला?"

"सवाईचं. भोपळ्यातलं."

"ते गाळलं घाण्यावर. गेल्या साली. तेल केलं."

"सगळं?"

"सगळं. तुजी नणंद दरसाल आणून देयाची. कपाटात कुलपात ठेवते बोलायची. मग मी कशाला घरात ठेवू? बी तिच्याकडं हाय, असं आमी समजलो."

निमा, तू समजत होतीस की बी त्यांच्याकडे आहे, म्हणून शीतगृहाला घाई केली नाहीस. ते समजत होते की बी तुझ्याकडे आहे, म्हणून तेल काढलं. तुमचा एकमेकांवर इतका विश्वास होता की कोणीच पुढची सोय केली नाही. नंतर मी गंजाडला विचारलं, सायवनला विचारलं. सगळीकडे हेच. आणि मी साक्षीला होते. मला एकदाही सुचलं नाही की नुसतं परत देताना बघण्यापेक्षा भोपळ्यात डोकवावं.

मी जानकीवर चिडले. असं कसं सगळं गाळलंत, वगैरे. ती माझ्यावर चिडली. "दोन वरसं ती आली नाय. पाठ दुखते बोलली. मी तिची वाट बगत बी नासवू?" आत कोणाच्या तरी मोबाइलवर गुजराती गाणं लागलं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणलंस काय काय? का नुसती भांडायला आलीस?"

मी चष्म्याच्या घरातून पाकीट काढलं. तिने उघडून वास घेतला, दोन दाणे दाताखाली फोडले.

"म्हातारं झालं."

"निम्मं उगवतंय."

"मग दाट टाकू."

मी तिला तुझे नियम सांगितले. दुसऱ्या खुरासणीपासून लांब पेरायचं, मधमाश्या मिसळतात, शेजारच्यांना सांगायचं. ती हसायला लागली.

"शेजारी आता कोण पेरतंय, बाय? पोरं कंपनीत जातात तलासरीला. डोंगरावर गवत हाय नुसतं. लांब बोलतेस तर लांबच लांब हाय."

तू ज्या अंतरासाठी माझ्या मच्छरदाण्या पळवल्यास ते अंतर आता झरीत आपोआप मिळतं. कोणीच काही पेरत नाही. शास्त्राच्या दृष्टीने उत्तम परिस्थिती आहे.

वर, जुन्या उतारावर, तिने आणि तिच्या सुनेने फेकून पेरलं. मी बांधावर छत्री घेऊन उभी होते. निघताना जानकी म्हणाली, "या खेपेला बी तू आणलंस. म्हणजे सवाई आता मी देयाची."

"देशील?"

"देईन तर सगळेच बोलतात," ती म्हणाली.

आता भाद्रपद चालू आहे. मागच्या आठवड्यात मी जाऊन आले. विरळ उगवलंय, मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा, पण उगवलंय. देठांना तो तांबूस रंग आहे ज्यावरून तू झरीचं रोप लांबून ओळखायचीस. फुलायला वेळ आहे. तेव्हा मधमाश्या येतील का, एवढ्या थोड्या रोपांत बी धरेल का, धरलं तर त्यात तुझी ती सगळी विविधता उरली असेल की तिच्यातला एक तुकडा, हे मला सांगता येत नाही. तुला आलं असतं. नसतं आलं तरी तू काहीतरी मोजलं असतंस. मी मोजायला बसले होते. बोंडं नाहीत म्हणून पानं मोजली. तू काय मोजायचीस ते मी पाच वर्षं ऐकलं आणि नीट ऐकलं नाही, असं दिसतं. तरी खुरासणीचा एवढा एक उतार माझ्या आयुष्यात आला तो तुझ्यामुळे, नाहीतर मी ती चटणीत बघितली असती आणि संपलं असतं. याबद्दल तुझे आभार मानायचे आहेत. आज जमणार नाही, आज राग आहे.

जे बी येईल त्याचे मी तीन भाग करणार आहे. एक जानकीच्या भोपळ्यात, एक आपल्याकडे, एक शीतगृहाला. अर्धवट माहितीनिशी. फॉर्मवर जिथे उत्पन्नाचे आकडे विचारतात तिथे मी लिहीन की मोजणारी बाई वारली.

काल केंद्रातून शिपायाचा फोन होता. तुझा कलश साहेबांनी वरून मेणाने बंद करून सभागृहात काचेच्या पेटीत ठेवला होता, खाली पितळी पाटी, बीज अमर आहे. आत पाणी होतंच. बी कुजलं आणि तेल खवट झालं. कलशाला वास सुटला म्हणून तो आता जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी ठेवलाय. काचेची पेटी आणि पाटी सभागृहातच आहेत.